घरच्या जेवणासाठी सोपं काल्झोने कसं करावं?

काल्झोने म्हणजे नेपल्सचा दुमडलेला पिझ्झा. तिथे आत रिकोटा, मोझरेला आणि सलामी घालतात. रिकोटा मिळाला नाही तर ताजं, मऊ पनीर कुस्करून घ्या, छान लागतं.

चौघांसाठी ५०० ग्रॅम मैदा, १ छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, दीड छोटा चमचा मीठ, २ मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि साधारण ३०० मिली कोमट पाणी. दहा मिनिटं चांगलं मळा आणि पीठ दुप्पट फुगेपर्यंत झाकून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तासाभरात फुगतं, थंडीत जास्त वेळ लागतो.

खरी काळजी सारणाची घ्यायची. ते ओलं राहिलं की तळ कच्चा आणि चिकट राहतो. म्हणून मोझरेला निथळून घ्या. पालक, मशरूम घालणार असाल तर आधी परतून पाणी पूर्ण आटवा आणि गार होऊ द्या. टोमॅटो सॉस मी आत घालतच नाही, गरम करून वाटीत सोबत देते.

पिठाचे चार गोळे करून वीतभर व्यासाचे लाटा. अर्ध्या भागावर सारण ठेवा, कडेला दोन बोटं जागा सोडा. दुमडून कडा घट्ट दाबा, करंजीसारखी मुरड घातली तर उत्तमच. वर एक छोटी चीर द्या, वाफ तिथून जाते, नाहीतर कड उघडते.

ओव्हन आणि ट्रे दोन्ही २२० अंशांवर आधीच तापवा. १८-२० मिनिटांत सोनेरी होतं. मुलांना देण्याआधी पाच मिनिटं थांबा, आतलं चीज फार पोळतं.