पठार, माळ आणि सडा

प्रश्न असा आला आहे : कासला आपण पठार म्हणतो, मात्र रत्नागिरीकडच्या तशाच सपाटीला सडा म्हणतात, मग हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरावेत का?

सरसकट वापरू नयेत, असे माझे मत आहे. ‘पठार’ हा शब्द जमिनीचा आकार सांगतो, तर ‘सडा’ आकाराबरोबर दगडही सांगतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून घडलेले अवघे दख्खन हे पठार आहे, आणि संगमनेर तालुक्यातला उंचावरचा ‘पठार भाग’ही पठारच आहे. माळाला उंचीची अट नाही. मुरमाड, पातळ मातीची, गवताला पुरेशी पण पिकाला अपुरी अशी मोकळी जमीन म्हणजे माळ.

सडा मात्र जांभ्याचा. उष्ण आणि दमट हवामानात बेसाल्ट झिजत गेला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली आणि तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. त्याची उघडी, विस्तीर्ण सपाटी म्हणजे सडा. रत्नागिरी-राजापूरकडे नारळी-पोफळीच्या बागा खाली आणि सडा वर, अशी गावाची रचना सर्रास दिसते. तिथे माती इतकी थोडी की हापूसची कलमे लावण्यासाठी कातळ फोडून खड्ड्यांत बाहेरची माती भरावी लागते. बारसू आणि उक्षी इथली कातळशिल्पेही याच जांभ्यावर कोरलेली आहेत. (घाटावर ‘कातळकडा’ म्हणताना डोळ्यांपुढे काळा बेसाल्ट असतो, हा फरकही ध्यानात ठेवावा.)

‘सडा’ हा केवळ कोकणातला शब्द आहे, ही समजूतही बरोबर नाही. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील सडावाघापूर हे गाव तो शब्द घाटमाथ्यावर आपल्या नावातच जपून आहे, आणि गोव्यात मुरगावच्या उंचवट्यावरील वस्तीलाही ‘सडा’च म्हणतात.

कासच्या माथ्यावर जांभाच आहे, त्यामुळे वर्णन करताना ‘जांभ्याचा सडा’ असे लिहिणे चुकीचे नाही; मात्र विशेषनाम म्हणून रुळलेले ‘कास पठार’ बदलू नये. पावसाळ्यानंतर तिथे फुलांचा सडा पडतो म्हणून या भूरूपाला सडा म्हणतात, अशी जोडणीही करू नये, कारण एकही फूल नसलेल्या वैशाखातल्या तापल्या कातळालाही कोकणी माणूस सडाच म्हणतो.