भारतात डेटा सेंटर वाढतायत म्हणतात. इलेक्ट्रिकल डिप्लोमावाल्याने त्यात जावं, की घरचे म्हणतात तसा कोडिंगचा कोर्स करावा?

घरचे म्हणतात हे वाचलं आणि थांबलो. नाहीतर मी इथे फक्त वाचायला येतो.

मी डिप्लोमा इलेक्ट्रिकल. नवी मुंबईत एका डेटा सेंटरला, म्हणजे कंपन्यांचे सर्व्हर ठेवतात त्या इमारतीत, शिफ्ट इंजिनीअर आहे, कंपनीचं नाव सांगत नाही. माझा मोठा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आणि त्याने घरात माझी ओळख कायमची ठरवून टाकलेली, "हा एसीवाला". पाहुणे आले की हमखास. मी लागलो तेव्हा तो मला म्हणाला होता की सगळं क्लाउडवर चाललंय, तुझ्या बिल्डिंगी पाच वर्षांत बंद पडतील. म्हणजे क्लाउड हवेत तरंगतो असंच त्याला वाटत असणार, इतका शिकलेला माणूस.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. आठवत असेल तुम्हाला, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाईट गेली, लोकल जागेवर थांबल्या. कळवा-पडघा ४०० केव्हीची एक लाईन मेंटेनन्सला होती, दुसरी ट्रिप झाली आणि मुंबईचं आयलँडिंग, म्हणजे शहर बाहेरच्या ग्रिडपासून तोडून स्वतःच्या विजेवर चालवायचं, जे अशाच वेळेसाठी ठेवलंय, तेही टिकलं नाही. आमच्याकडे यूपीएसच्या बॅटरीने लोड धरला, काही सेकंदात डीजी म्हणजे डिझेल जनरेटर उठले, एकमेकांशी सिंक झाले, हॉल थंड ठेवणारे चिलर परत चालू व्हायला थोडी मिनिटं गेली तेवढ्यात हॉलचं तापमान जरा वर गेलं आणि खाली आलं. इथपर्यंत पुस्तकात लिहिल्यासारखं. कोरोनामुळे शिफ्टला माणसं निम्मी, मी, एक हेल्पर आणि बीएमएसच्या, म्हणजे इमारतीतली सगळी यंत्रं दाखवणाऱ्या सिस्टीमच्या, स्क्रीनसमोर एक मुलगा, आणि जो चौथा यायचा होता तो कुठेतरी रुळावर अडकलेल्या गाडीत.

फोन अखंड. कस्टमरचे लोक कॉन्फरन्स कॉलवर, प्रत्येकाचा एकच प्रश्न, सर्व्हर अप आहेत ना. अप आहेत साहेब. स्क्रीनवर सगळं हिरवं.

आमचे जुने सीनियर एक गोष्ट कायम सांगायचे, स्क्रीन बघून झाली की डिझेल टँकची पातळीची काच बघून ये. तर दीड तासाने मी खाली गेलो, गरज म्हणून नाही, सवय म्हणून, आणि तीन नंबरच्या डीजीची डे टँक, म्हणजे जनरेटरजवळची डिझेलची टाकी जी पंप आपोआप भरत राहतो, निम्म्याच्या खाली. ९९० लिटरची टँक, बाकी सगळ्या भरलेल्या, ही एकटी उतरत चाललेली. शनिवारी सर्व्हिसवाले येऊन गेले होते, त्यांनी तिच्या पंपाचा सिलेक्टर मॅन्युअलला टाकला आणि तसाच ठेवून गेले, लॉगबुकात मात्र "ऑटो" लिहून खाली सही. अलार्मही त्यांनीच बंद करून ठेवलेला, म्हणून वर हिरवं. मी सिलेक्टर फिरवला, पंप काही उठेना, मग हेल्परला हातपंपाला लावलं आणि मी पॅनलमध्ये शिरलो. फ्यूज गेला होता. फ्यूज! साधारण वीस मिनिटं त्या पोराने हाताने डिझेल मारलं, डीजीच्या आवाजात, मास्क लावून. बाकी डीजींनी लोड ओढला असता का? कागदावर हो, एक जादाचा ठेवलेलाच असतो. पण त्या दिवशी कागदावर तर सिलेक्टरपण ऑटोला होता.

वर आलो तर दादाचा मेसेज. "नेट गेलंय, पेमेंट पण होत नाहीये, तुमच्या तिकडे काही झालं का?"

तर तुमचा प्रश्न. वाढतंय का, हो, वाढतंय, आणि ते हवेतलं नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं की पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा, त्यानंतर आमच्याकडे सर्व्हरचे रॅक (कपाटं) नुसते भरत गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. २०२२ च्या बजेटमध्ये डेटा सेंटरला इन्फ्रास्ट्रक्चरचा दर्जा दिला, म्हणजे कर्ज सोपं झालं. समुद्राखालच्या केबल मुंबई आणि चेन्नईला वर येतात, मोठी गिऱ्हाइकं मुंबईत, म्हणून देशातली सगळ्यात जास्त कपॅसिटी मुंबई-नवी मुंबईत. ऐरोली, रबाळे, महापेला जिथे केमिकलच्या कंपन्या होत्या तिथे आता या बिनखिडक्यांच्या इमारती. आणि गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमला पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर घालतो म्हणून जाहीर केलं, ते तुम्ही वाचलंच असेल. पूर्वी एका रॅकला पाच-सहा किलोवॅट म्हणजे भरपूर, आता एआयचे काही रॅक एकटेच शंभरच्या पुढे जातात, तिथे थंड करायला हवा मारून भागत नाही, पाणी फिरवावं लागतं. हे सगळं कोण सांभाळणार, कोडिंगचा कोर्स?

घरच्यांना सांगा की कोड लिहिणारे लाखाने आहेत, ११ केव्हीच्या पॅनलसमोर हात न थरथरता उभा राहणारा शोधावा लागतो.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. नोकऱ्या कमी आहेत. केवढी मोठी इमारत, हजारो कोटींची, आणि चालवायला एका शिफ्टला बोटावर मोजण्याइतके लोक. बांधताना गर्दी असते, उद्घाटन झालं की ती जाते. गावातल्या पोरांना बहुतेक सिक्युरिटी नाहीतर हाऊसकीपिंग मिळतं, भाषणात काहीही सांगोत. इंजिनीअरसुद्धा बरेचसे कॉन्ट्रॅक्टवर, मी स्वतः चार वर्षं होतो. नाइट शिफ्ट सुटत नाही, गणपतीला सुट्टी मिळाली तर नशीब. ज्या हेल्परने डिझेल मारलं त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या वर्षी रिन्यू केलं नाही, त्याबद्दल मी आमच्या मॅनेजरशी भांडलो, उपयोग झाला नाही. वीज आणि पाणी किती पितात हा वेगळा विषय, त्यावर लिहायला बसलो तर माझीच नोकरी जाईल.

कोर्सचं विचारलंत ते राहिलंच. आधी वायरमन किंवा सुपरवायझरचं लायसन्स काढा, बाकी सर्टिफिकेटं कंपनीच्या पैशाने करा.

दादाचा मुलगा यंदा दहावीला आहे. त्याला डिप्लोमाला टाकू का म्हणून मागच्या रविवारी विचारत होता. मी मेसेज केला की आधी एसीवाला मागे घे. निळ्या टिका आल्यात.