भांडी घासायचं लिक्विड जास्त मीठ घातल्यावर पातळ का होतं, आणि काही दिवसांनी गढूळ होऊन वास का मारतं?

तुम्ही दिलेलं माप वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. बचत गटात ५० लिटरची बॅच: ५ किलो एसएलईएस पेस्ट (फेस करणारं साबणद्रव्य), अडीच किलो ॲसिड स्लरी (आम्लरूपातलं साबणद्रव्य), तिचं आम्ल मारायला कॉस्टिक (कॉस्टिक सोडा), थोडं बीटेन (सौम्य, फेस टिकवणारं साबणद्रव्य), लिंबाचा सेंट, रंग, माल नासू नये म्हणून सोडियम बेंझोएट आणि बोअरचं पाणी. मीठ घालत गेलात तसं लिक्विड घट्ट होत गेलं. अजून जरा घट्ट हवं म्हणून २ किलोपर्यंत गेलात, तर एकदम पाण्यासारखं झालं. वर तीन आठवड्यांत गढूळपणा आणि कुबट वास. शेवटी विचारलंय की हेच हँडवॉश म्हणून विकलं तर चालेल का.

मी दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी लिक्विड बनवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये काम करतो. ही तक्रार जवळजवळ याच शब्दांत दर महिन्याला कानावर येते. तुमच्याकडे दोष एक नाही, तीन आहेत आणि तिघांची कारणं वेगवेगळी आहेत. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून सुटे सुटे बघू.

आधी मिठाचं. मीठ म्हणजे घट्ट करायची पावडर नव्हे. एसएलईएसचे रेणू पाण्यात बारीक गोळ्यांसारखे जमा होऊन राहतात. मीठ पडलं की ते गोळे लांब होत जातात आणि शिजलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंततात. घट्टपणा येतो तो या गुंत्यामुळे. मीठ आणखी वाढलं की गुंता सुटायला लागतो, लिक्विड पातळ होतं आणि फारच झालं तर फाटून दोन थर होतात. म्हणजे घट्टपणाला एक शिखर असतं. ते बहुतेक मापांत १ ते ३ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी सापडतं. तुमचं २ किलो म्हणजे ४ टक्के. शिखर केव्हाच मागे पडलं.

शिवाय हे ४ टक्के फक्त तुम्ही हाताने घातलेल्या मिठाचे. बीटेनच्या कॅनमध्ये साधारण ५ टक्के मीठ आधीच असतं, ते बनवतानाच तयार होतं. ॲसिड स्लरीत थोडं मोकळं सल्फ्युरिक ॲसिड असतं, कॉस्टिक पडलं की त्याचं सोडियम सल्फेट होतं आणि तेही मिठाचंच काम करतं. म्हणून दुसऱ्या गटाचं 'इतकं मीठ' हे माप तुमच्या बॅचला बसेलच असं नाही. पुरवठादार बदलला तरी शिखर सरकतं.

पातळ झालेली बॅच हातात असेल तर आणखी काहीही टाकण्याआधी एक चाचणी करा. काचेच्या ग्लासात १०० मिली लिक्विड घ्या, त्यात चमचाभर साधं पाणी घाला आणि हळू ढवळा. चमच्यावरून पडणारी धार बघा. पाणी घातल्यावर धार आणखी पातळ झाली तर मीठ कमी आहे. पाणी घालूनही धार जाड झाली, चमच्याला ओढ लागायला लागली, तर मीठ जास्त आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याचा यावर विश्वास बसत नाही, पण पाण्याने मीठ विरळ झालं आणि लिक्विड शिखराकडे परत आलं, एवढंच त्यात घडलेलं असतं. तुमच्या बॅचला हेच होईल असा माझा अंदाज आहे.

म्हणून ती फेकू नका. त्याच मापाची दुसरी ५० लिटर बॅच बिनमिठाची करा आणि दोन्ही एकत्र करा, मीठ २ टक्क्यांवर येईल. मात्र आधी ग्लासात थोडं थोडं मिसळून बघा, ड्रममध्ये नंतर. नुसतं पाणी ओतून दुरुस्त करू नका, घट्टपणा आला तरी माल हलका होतो आणि मग फेस येत नाही म्हणून गिऱ्हाईक परत येतं. आणि जुन्या बॅचला वास सुटलेला असेल तर ही मिसळामिसळ अजिबात नको, नवा मालही नासेल.

पुढच्या वेळी मीठ सुकं टाकू नका. १ किलो मीठ ४ लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. २०० ग्रॅम बिनमिठाच्या लिक्विडचे सहा ग्लास लावा आणि पहिल्यात या मिठाच्या पाण्याचे ५ ग्रॅम, दुसऱ्यात १०, असं ३० पर्यंत जा. एका ग्लासातून दुसऱ्यात अर्धा टक्का मीठ वाढतं. रात्रभर ठेवून सकाळी बघा, कोणता ग्लास जाड ते डोळ्यांना दिसेल. मग ड्रमसाठी शिखराच्या थोडं अलीकडचंच माप धरा. अगदी टोकावर थांबलात तर कच्च्या मालातल्या जराशा फरकाने पलीकडे घसराल. सेंट, रंग, बीटेन सगळं आधी, मीठ सगळ्यात शेवटी, कारण सेंटनेही घट्टपणा हलतो. आणि कॉस्टिक-स्लरीची बॅच गरम असताना घट्टपणाचा निवाडा करू नका. गरम लिक्विड पातळच दिसतं, आणि जास्तीचं मीठ पडतं ते बहुतेक याच घाईत.

आता गढूळपणा. गढूळ बाटली कोमट पाण्यात धरा. स्वच्छ झाली तर थंडीने ढगाळली होती, विशेष काही नाही. तशीच राहिली तर मला तुमच्या बोअरवर संशय आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम स्लरीपासून झालेल्या साबणद्रव्याशी जुळून न विरघळणारा साका करतं. एसएलईएसला याचा त्रास बराच कमी. खात्री करायची तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक लिटर बनवा. ते स्वच्छ राहिलं तर दोष पाण्याचा. उपाय डायसोडियम ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम बांधून ठेवणारी पावडर, आणि तेही स्लरीच्या आधी पाण्यात विरघळवून. १ ग्रॅम ईडीटीए साधारण २७० मिलिग्रॅम कठीणपणा (पाण्याचा जडपणा) बांधतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची कमाल मर्यादा लिटरला ६०० मिलिग्रॅम आहे. तुमचं पाणी तिथे असेल तर लिटरला सव्वादोन ग्रॅम ईडीटीए लागेल. पाणी लॅबमधून तपासून घ्या. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवतो, कठीणपणा सांगत नाही.

वास मात्र जंतूंचा, आणि तुमचं बेंझोएट त्यांना रोखत नाही. लोणच्या-सरबतात ते चालतं म्हणून लिक्विडमध्येही चालेल असं दुकानदार बिनधास्त सांगतात. जंतूंना रोखतं ते त्याचं आम्लरूप. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त. पीएच ४.२ ला निम्मं बेंझोएट त्या रूपात असतं, ५ ला १४ टक्क्यांच्या आसपास आणि ७ ला हजारात एक-दोन भाग. तुमचं लिक्विड ७ ते ८ पीएचचं असणार. तिथे बेंझोएट दुप्पट टाकलं तरी पैसे पाण्यातच.

त्याऐवजी सीएमआयटी-एमआयटी हे प्रिझर्व्हेटिव्ह घ्या, मुंबईत मस्जिद बंदरच्या रसायन बाजारात किंवा तुमच्या स्लरीवाल्याकडे मिळेल. दीड टक्का तीव्रतेचं असेल तर ५० लिटरला २५ ते ५० ग्रॅम. ५० च्या वर जाऊ नका, युरोपात धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांसाठी १५ पीपीएमची (दहा लाखात १५ भाग) मर्यादा आहे आणि ५० ग्रॅमला तुम्ही बरोबर तिथे पोचता. बॅच थंड झाल्यावर, पीएच ८ च्या खाली आहे हे पट्टीने बघून मगच घाला. हातमोजे घालूनच मोजा, कच्च्या रूपात ते कातडीला वाईट झोंबतं आणि एकदा ॲलर्जी जडली की जन्मभर राहते. परत आणलेल्या जुन्या बाटल्या भरू नका, ड्रम प्रत्येक बॅचनंतर धुऊन पूर्ण वाळवा. आणि खरा लिंबाचा रस घालायचा विचार असेल तर सोडून द्या. लेबलावर छान दिसतो, बाटलीत जंतूंचं जेवण होतो.

हँडवॉशचं उत्तर: नाही. स्लरीचं लिक्विड हात कोरडे करतं, हा एक भाग. दुसरा कायद्याचा. भांड्यांचं लिक्विड सौंदर्यप्रसाधनात मोडत नाही, पण हँडवॉश म्हणून बाटली विकलीत की तुम्ही १९४० चा औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांच्या कक्षेत येता, आणि त्यासाठी एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) उत्पादन परवाना लागतो. गटाला हँडवॉश विकायचाच असेल तर परवाना असलेल्या कारखान्याकडून बनवून घ्या आणि त्यात स्लरी टाकू देऊ नका.