वाचकांचे प्रश्न : संगणकावर असलेला मेल फोनवर का नाही?

प्रश्न (सांगली) : आमच्या पतसंस्थेचा स्वतःच्या डोमेनवरचा मेल मी कार्यालयातील संगणकावर थंडरबर्ड या मेल पाहण्याच्या प्रोग्राममध्ये आणि बाहेर असताना फोनवरच्या मेल ॲपमध्ये पाहते. फोनवर वाचलेला मेल संगणकावर न वाचलेलाच दिसतो. संगणकावरून पाठवलेली उत्तरे फोनवर कधीच दिसत नाहीत. गेल्या आठवड्यात उपनिबंधक कार्यालयात बसले असताना लेखापरीक्षणाचे एक जुने पत्र दाखवायचे होते, पण फोनवर दोन आठवड्यांपूर्वीचा एकही मेल नव्हता. परत आल्यावर तेच पत्र संगणकावर जसेच्या तसे सापडले. संगणकावरचे खाते काढून पुन्हा टाका, असे एका जाणकारांनी सुचवले आहे. तसे करू का?

उत्तर : कृपया खाते काढू नका. आपल्या संस्थेचा जुना पत्रव्यवहार, माझ्या अंदाजाप्रमाणे, आज फक्त त्या एका संगणकावर आहे. थंडरबर्डमध्ये खाते काढताना त्यातील मेलचा साठाही पुसून टाकण्याचा पर्याय त्याच खिडकीत असतो. तो चुकून निवडला गेला, तर सर्व्हरवरून, म्हणजे मेल आधी जिथे येऊन पोहोचतो त्या दूरच्या संगणकावरून, परत आणण्यासारखे काही उरणार नाही.

असे का म्हणतो, ते सांगतो. आपल्या पत्रातील ‘दोन आठवडे’ हा शब्दप्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन डाव्या बाजूच्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’वर टिचकी मारा आणि अगदी वरची ‘सर्व्हरचा प्रकार’ ही ओळ वाचा. तिथे ‘पॉप’ असे लिहिलेले असेल आणि पोर्टचा क्रमांक ९९५ किंवा ११० असेल. त्याच पानावर थोडे खाली ‘मेल सर्व्हरवर ठेवा’ या पर्यायाशेजारी ‘जास्तीत जास्त १४ दिवस’ असा आकडा दिसेल, कारण थंडरबर्ड पॉप खात्यासाठी तो आपण होऊनच भरून ठेवतो. म्हणजे आपला संगणक सर्व्हरवरून मेल उतरवून घेतो आणि चौदा दिवसांनी सर्व्हरवरची मूळ प्रत पुसायला सांगतो. फोन सर्व्हरवर जे आहे तेवढेच दाखवतो, म्हणून त्याच्यावर दोन आठवड्यांपलीकडचे काही उरत नाही. फोन बिघडलेला नाही आणि संगणकही त्याला दिलेले कामच चोख करतो आहे.

पॉप ही पद्धत १९८४ सालची असून आज वापरात असलेली तिची तिसरी आवृत्ती १९९६ मध्ये प्रमाणित झाली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मिनिटांच्या हिशेबाने जोडणी मिळत असे. जोडणी करायची, मेल उतरवून घ्यायचे, जोडणी तोडायची आणि मग निवांत वाचायचे, या सवयीला पॉप अगदी साजेसे होते. घरात एकच संगणक असे, त्यामुळे कोणता मेल वाचला आणि कोणता नाही, हे सर्व्हरने लक्षात ठेवण्याची गरजच नव्हती. म्हणून पॉपमध्ये ‘वाचले’ अशी खूणच सर्व्हरवर नोंदवता येत नाही, फोल्डर नसतात आणि पाठवलेल्या मेलला तर सर्व्हरवर जागाच नसते. आपल्या तीनही तक्रारींचे मूळ एकच आहे, ते हे.

याला पर्याय म्हणून मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना आयमॅप ही पद्धत मांडली. तिच्यात खरा साठा सर्व्हरवर राहतो आणि फोन, संगणक किंवा ब्राउझर ही केवळ तो पाहण्याची दारे असतात. प्रत्येक मेलला त्या फोल्डरपुरता एक क्रमांक असतो आणि त्याच्याशेजारी ‘वाचले’, ‘उत्तर दिले’, ‘पुसले’ अशा खुणा सर्व्हरवरच लिहिल्या जातात. फोनवर मेल उघडला की ती खूण सर्व्हरवर उमटते आणि संगणक पुढच्या भेटीत ती वाचून घेतो.

आता आपला संगणक आयमॅपवर आणायचा आहे. थंडरबर्डमध्ये असलेल्या खात्याचा प्रकार बदलता येत नाही, त्यामुळे जुने पॉप खाते तसेच ठेवून त्याच पत्त्याचे दुसरे, आयमॅप प्रकारचे खाते जोडावे लागते. तत्पूर्वी जुन्या खात्यातील ती चौदा दिवसांची मर्यादा आज, आत्ताच काढून टाका (‘मेल सर्व्हरवर ठेवा’ ही खूण मात्र राहू द्या) आणि ‘सुरू होताना नवे मेल तपासा’ व ‘दर काही मिनिटांनी तपासा’ या खुणाही काढा, म्हणजे सर्व्हरवरून आणखी काही पुसले जाणार नाही. मग ‘हेल्प’ मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ मधून प्रोफाइल फोल्डर, म्हणजे थंडरबर्डचे सारे मेल आणि सेटिंग्ज असलेले फोल्डर, कुठे आहे ते पाहा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि ते संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण संस्थेची कागदपत्रे त्यात असल्याने ती टाळू नये, असे मी अगदी आग्रहाने सांगेन.

नवे खाते जोडताना येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, पोर्ट ९९३ आणि एसएसएल सुरक्षा निवडा. जाणाऱ्या मेलसाठी बहुतेक ठिकाणी ४६५ किंवा ५८७ चालते. नेमके काय, ते डोमेन सांभाळणाऱ्यांकडून घ्या आणि त्यांनाच आपल्या मेलपेटीला किती जागा दिली आहे तेही विचारा. जुने मेल वर चढवताना ती जागा भरली, तर नवे मेल परत जाऊ लागतील आणि आपल्याला ते कळणारही नाही.

जागा पुरेशी असेल, तर जुन्या खात्यातील मेल नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, हलवू नका. अलीकडच्या चौदा दिवसांचे मेल सर्व्हरवर आधीच असल्याने ते वगळा, नाहीतर प्रत्येकाच्या दोन प्रती होतील. एका वेळी दोन-तीनशेच घ्या आणि प्रत्येक खेपेनंतर ब्राउझरमध्ये वेबमेल (सर्व्हरवरचा मेल थेट दाखवणारे पान) उघडून ते तिथे पोहोचले का, हे डोळ्यांनी पाहा. वेबमेलमध्ये दिसले, म्हणजेच ते सर्व्हरवर गेले. मेलच्या कोणत्याही तक्रारीत मी आधी वेबमेलच उघडतो, कारण मेल तिथे असेल तर दोष ॲपचा आणि तिथेही नसेल तर प्रश्न सर्व्हरचा, एवढा निवाडा दोन मिनिटांत होतो.

पाठवलेल्या मेलचा एक घोळ यानंतरही राहू शकतो. एक ॲप ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत ठेवते, दुसरे ‘सेंट आयटम्स’ मध्ये, आणि दोघांनाही दुसऱ्याचे फोल्डर परके वाटते. कोणते फोल्डर कशासाठी, हे सर्व्हरनेच सांगण्याची सोय २०११ मध्ये प्रमाणित झाली असली, तरी सर्व सर्व्हर ती पुरवतात असे नाही. अकाउंट सेटिंग्जमधील ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ मध्ये आणि फोनच्या ॲपमध्ये एकच फोल्डर नेमून द्या. जुने पॉप खाते निदान वर्षभर तरी तसेच राहू द्या.

प्रश्न (नागपूर) : माझ्या जुन्या मेल ॲपमध्ये जीमेल अचानक बंद पडले. तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये चालतो, ॲपमध्ये मात्र ‘पासवर्ड चुकीचा’ असे येते.

उत्तर : आपला पासवर्ड बरोबर आहे, फक्त गूगल तो आता अशा ॲपकडून थेट स्वीकारत नाही. व्यक्तिगत खात्यांसाठी ही सोय ३० मे २०२२ पासून बंद होत गेली. थंडरबर्डसारखे ॲप अद्ययावत केले, तर पासवर्ड विचारण्याऐवजी ते गूगलचे लॉगिनचे पान उघडते आणि तिथे एकदा परवानगी दिली की काम होते. आपल्या ॲपला ते जमत नसेल, तर गूगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ तयार करा आणि तो नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाका. गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की हा ॲप पासवर्ड रद्द होतो, हे लक्षात असू द्या. ‘आपला मेल बंद होणार आहे, येथे पासवर्ड भरा’ असा मेल या काळात आला, तर त्यातील दुव्यावर जाऊ नका.

प्रश्न (मडगाव) : फोनवर ॲप उघडल्याशिवाय नवा मेल येतच नाही.

उत्तर : अँड्रॉइड फोन असेल, तर बॅटरी वाचवण्यासाठी तो ॲपला मागे झोपवतो. आयमॅपमध्ये ॲपने सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून वाट पाहायची असते आणि ती २९ मिनिटांच्या आत पुन्हा ताजी करायची असते. झोपलेल्या ॲपला ते जमत नाही. सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि पार्श्वभूमीतील डेटा चालू आहे ना, ते पाहा. आयफोनवर जीमेल तिथल्या मेल ॲपमध्ये जोडले असेल, तर ते ठरावीक अंतरानेच तपासले जाते. लगेच सूचना हवी असेल, तर जीमेलचे स्वतःचे ॲप वापरा.