अमेरिकेला निघण्याआधी: मुलीच्या एन्झाइमचा खर्च कसा बसवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षांच्या मुलीला गोशे आजार (शरीरात एक एन्झाइम कमी असण्याचा आनुवंशिक विकार) आहे, वजन २० किलो. दर दोन आठवड्यांनी त्या एन्झाइमच्या जागी दिल्या जाणाऱ्या इमिग्लुसरेज या औषधाचं इन्फ्युजन (सलाइनसारखं शिरेतून) चालतं आणि भारतात ते मदत योजनेतून फुकट मिळतं. आता एच-१बीवर अमेरिकेतली नोकरी चालून आली आहे, तर तिकडे हे औषध झेपेल का?

झेपेल, पण ऑफर लेटरवर सही करण्याआधी कंपनीचा आरोग्य विमा बारकाईने वाचलात तरच. भारतातली मदत योजना तुमच्याबरोबर विमानात बसत नाही. शिवाय तिथे या औषधाचा वर्षाचा खर्च लाख डॉलरच्या पुढे जातो, त्यामुळे पगारातून भरण्याचा विचारच सोडा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. नोकरीतला विमा आधीच्या आजाराचं कारण सांगून मुलीला वगळू शकत नाही. नेटवर्कमधल्या (म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांतल्या), विम्यात बसणाऱ्या उपचारांसाठी तुमच्या खिशातून वर्षाला किती जाईल यालाही कमाल मर्यादा आहे. २०२५ साली ती माणशी ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होती. आकडा दरवर्षी बदलतो, आणि बऱ्याच कंपन्यांच्या प्लॅनमध्ये तो याहून कमी असतो. सगळी मेख ‘विम्यात बसणाऱ्या’ या शब्दांत आहे.

म्हणून एचआरकडे नुसता चार पानी सारांश मागू नका, पूर्ण प्लॅन डॉक्युमेंट आणि औषधांची यादी मागा. मुलीचं नाव किंवा आजार सांगायची गरज नाही. पहिली गोष्ट बघायची ती ही की इन्फ्युजनने दिलं जाणारं औषध मेडिकल भागात धरतात की फार्मसी भागात. बहुतेकदा ते मेडिकलमध्ये असतं, त्यामुळे फार्मसीच्या यादीत नाव दिसलं नाही म्हणून लगेच घाबरू नका. दुसरी गोष्ट म्हणजे इमिग्लुसरेजच चालतं, की आधी व्हेलाग्लुसरेज किंवा टॅलिग्लुसरेज ही त्याच प्रकारची दुसरी औषधं घ्या म्हणतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महागात पडणारी आहे. औषध कंपन्यांची को-पे मदत असते. खासगी विमा असलेल्यांचा स्वतःचा वाटा ती कंपनी भरते. पण काही प्लॅन ‘को-पे ॲक्युम्युलेटर’ लावतात, म्हणजे ही मदत तुमच्या मर्यादेत मोजतच नाहीत. समजा तुमची मर्यादा ६,००० डॉलर आहे आणि मदतीतून पहिल्या दोन-तीन इन्फ्युजनमध्येच ६,००० भरले गेले. साध्या प्लॅनमध्ये पुढचं वर्षभर तुम्हाला काही द्यावं लागत नाही. ॲक्युम्युलेटर असेल तर मदतीचा कोटा संपल्यावर तुमचे ६,००० शून्यापासून सुरू होतात. काही राज्यांनी याला बंदी घातली आहे, पण कंपनी स्वतःच्या पैशातून विमा चालवत असेल तर राज्याचा कायदा तिला लागू होत नाही. तेव्हा ‘प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का?’ हे लेखी विचारा. एचएसए खात्याचा (उपचारांसाठीच्या करमुक्त बचत खात्याचा) प्लॅन घेणार असाल तर तिथेही डिडक्टिबलमध्ये, म्हणजे विमा सुरू होण्याआधी तुम्ही भरायच्या रकमेत, फक्त तुम्ही खरोखर भरलेले पैसे धरले जातात.

आणि ‘स्पेशालिटी (म्हणजे अशी महागडी, खास) औषधं वगळली आहेत, मदतीसाठी अमुक संस्थेशी बोला’ अशी ओळ दिसली तर माझं मत स्पष्ट आहे: दुसरा प्लॅन असेल तर तो घ्या, नसेल तर ऑफरचा फेरविचार करा. अशी मध्यस्थ संस्था तुम्हाला औषध कंपनीच्या फुकट योजनेकडे पाठवते. ती योजना मुळात विमा नसलेल्यांसाठी असते, त्यामुळे तिथे नकार येतो आणि या फेऱ्यांत मुलीचे डोस चुकतात.

आता ऑथरायझेशन, म्हणजे विमा कंपनीची आगाऊ मंजुरी. इथे चूक होते ती व्हायलच्या (औषधाच्या कुप्यांच्या) हिशोबात. ६० युनिट प्रतिकिलो डोस असेल तर २० किलोला १,२०० युनिट, म्हणजे ४०० युनिटच्या तीन व्हायल. वजन २२ झालं की १,३२० युनिट. आता तीन व्हायल पुरत नाहीत, पण मंजुरी तीनचीच असते आणि चौथीचं बिल नाकारलं जातं. डॉक्टरांना मंजुरी मागतानाच वाढीचा अंदाज धरायला सांगा आणि दर भेटीला वजन विमा कंपनीकडे पोचतंय ना ते बघा.

निघण्याआधी रुग्णालयाच्या लेटरहेडवर घ्यायची कागदपत्रं: एन्झाइम तपासणीचा मूळ रिपोर्ट, जीबीए१ या आजाराशी संबंधित जनुकाचा रिपोर्ट, उपचार सुरू होण्याआधीची आणि आत्ताची प्लीहा-यकृताची मापं, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, आणि प्रत्येक इन्फ्युजनची तारीख, डोस, वजन, रिॲक्शन. उपचाराआधीचे आकडे नसतील तर विमा कंपनी म्हणते, ‘मुलगी तर ठणठणीत आहे, औषध कशाला?’ ती ठणठणीत औषधामुळेच आहे, हे तेच आकडे दाखवतात.

तारखांचं गणितही मांडा. नव्या नोकरीत विमा सुरू व्हायला कायद्याने जास्तीत जास्त ९० दिवस लागू शकतात. पहिल्याच दिवसापासून मिळतो का विचारा. प्रवास विमा हे इन्फ्युजन देणार नाही. मुलीचं नाव घालायला बहुधा ३० दिवसच मिळतात. ती मागाहून येणार असेल तर तेव्हा नाव घालता येईल, असं एचआरकडून ईमेलवर घ्या. बहुतेक प्लॅनमध्ये मर्यादेचा हिशोब १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होतो, म्हणून ऑक्टोबरात गेलात तर तीन-चार महिन्यांत ती दोनदा भरावी लागू शकते. जमलं तर जानेवारीत रुजू व्हा. शेवटचं इन्फ्युजन निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी बसवा, आणि मेटाबॉलिक तज्ज्ञाची (अशा चयापचयाच्या आजारांच्या डॉक्टरांची) अपॉइंटमेंट भारतातूनच घ्या, ती मिळायला महिने लागतात.

नकार आला तर अपील करायला १८० दिवस असतात. तातडीच्या प्रकरणात ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं, मात्र ‘तातडीचं’ असं डॉक्टरांनी लिहिलेलं हवं. तिथेही नकार आला तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. नॅशनल गोशे फाउंडेशनसारख्या संस्थांकडेही चौकशी करून ठेवा. मेडिकेडवर (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यावर) मात्र विसंबू नका, एच-४वरच्या (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांना ते मिळेलच असं नाही.

नोकरी गेली तर, कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असल्यास, कोब्रा या कायद्याखाली तोच विमा चालू ठेवता येतो. निर्णयाला ६० दिवस मिळतात आणि विमा मागच्या तारखेपासून लागू होतो, पण हप्ता पूर्णच्या पूर्ण, १०२ टक्क्यांपर्यंत, तुमच्या खिशातून जातो. नव्या कंपनीचा विमा मिळाल्यावर ऑथरायझेशन पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून वरची फाइल सतत अद्ययावत ठेवा.