मुलाला एनएफएलमध्ये लाइनबॅकर व्हायचंय, काय करू? फ्रिस्कोच्या एका आईला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र लांबलचक होतं, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मूळचे नाशिकचे, आता टेक्सासात फ्रिस्कोला, मुलगा सोफोमोर म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने दहावीत, शाळेच्या जेव्ही म्हणजे दुय्यम अमेरिकन फुटबॉल टीमचा लाइनबॅकर (बचाव करणारा खेळाडू), उंची पाच फूट दहा इंच, वजन १७५ पाउंड. त्याला एनएफएलच (अमेरिकन फुटबॉलची सर्वात मोठी व्यावसायिक लीग) खेळायचंय, बाबा म्हणतात हेल्मेट ठेव माळ्यावर आणि एसएटीला म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला बस, आणि मधल्यामध्ये तुमचा जीव टांगणीला. (तसं फ्रिस्कोत राहून पोराला फुटबॉलचं वेड लागू नये म्हणणं जरा अवघडच आहे, डॅलस काउबॉईज या एनएफएल टीमचं हेडक्वार्टर गावातच आणि शाळांच्या मॅचेससुद्धा त्यांच्याच फोर्ड सेंटरमध्ये!)

आधी हिशोब बघा. अमेरिकेत हायस्कूल फुटबॉल खेळणारी पोरं साधारण १० लाख. एनएफएलच्या टीम ३२, प्रत्येकीत ५३ जण, म्हणजे एकूण १६९६ जागा, आणि त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या. दरवर्षी ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या टीम कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम) २५७च्या आसपास मुलं निवडली जातात, तीही हायस्कूल संपून किमान तीन वर्षं झाल्यावरच. तेव्हा एनएफएल हो की नाही, यावर आज घरात भांडून काही उपयोग नाही, तो निर्णय तुमच्या हातातच नाहीये. हातात आहे ते एवढंच की फुटबॉलच्या जोरावर पोरगा कुठल्या कॉलेजात जातो, आणि तोपर्यंत त्याचं डोकं शाबूत राहतं का. माझं सगळं सांगणं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

उंचीवरून कोणी बोललं की मुलगा सॅम मिल्स या लाइनबॅकरचं नाव घेतो म्हणालात. बरोबर आहे त्याचं, मिल्स पाच फूट नऊ, माँटक्लेअर स्टेट या डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांचा खालचा स्तर) कॉलेजचा, ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, क्लीव्हलंडने काढला, कॅनडात टोरंटोने काढला, मग न्यू जर्सीच्या एका हायस्कूलमध्ये फोटोग्राफी शिकवत होता, तिथून यूएसएफएल या तेव्हाच्या दुसऱ्या लीगची फिलाडेल्फिया स्टार्स आणि त्याच कोचबरोबर १९८६ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स. २०२२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं, तेव्हा तो जाऊन सतरा वर्षं झाली होती. पण पोराला विचारा, दोन्हीकडून काढल्यावर मिल्सकडे नोकरी होती ती कशाच्या जिवावर?

आणि तुमचे मिस्टर म्हणतात ‘आपल्यातलं कोण खेळतंय तिकडे’, तर त्यांना ब्रँडन चिलर सांगा. वडील भारतीय, यूसीएलएचा लाइनबॅकर, २००४ मध्ये एनएफएलच्या रॅम्सने ड्राफ्टच्या चौथ्या राउंडला घेतला, पुढे ग्रीन बे पॅकर्सकडे. मोजकीच माणसं आहेत, पण अगदीच नाही असं नाही.

आता पोझिशनबद्दल. लाइनबॅकर म्हणजे नुसती धडक नाही हो. तो दोन्ही टीम समोरासमोर उभ्या राहतात त्या लाइनच्या चार-पाच यार्ड मागे उभा असतो, समोरच्या गार्डचे (विरुद्ध टीमच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूचे) पाय कुठे वळतात त्यावरून रन (चेंडू घेऊन धावणं) की पास (चेंडू फेकणं) हे क्षणात ओळखायचं, सगळ्यांना ओरडून जागा बदलायला लावायच्या. एनएफएलमध्ये डिफेन्सच्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो, त्याच्या कानात कोचचा रेडिओ, आणि प्ले क्लॉकवर (पुढची चाल सुरू करायला दिलेल्या वेळेचं घड्याळ) १५ सेकंद उरले की तो बंद, पुढे तुमचं तुम्ही. बहुतेक टीममध्ये तो ठिपका लाइनबॅकरकडेच. पण तिथले बहुतेक लाइनबॅकर २३० पाउंडांच्या आसपास किंवा वरचे असतात, तुमचा मुलगा अजून वाढेल हे धरलं तरी कोचला एकदा सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू) खेळवून बघा म्हणून विचारायला हरकत नाही.

डोक्याची भीती मात्र खरी आहे, तिथे मी बाबांच्या बाजूने. सीटीई हा मेंदूचा आजार आजही माणूस गेल्यावरच पक्का कळतो. २०१७ मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीने एनएफएल खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, ११० मध्ये तो सापडला. अर्थात ज्यांना शंका होती त्याच घरांनी बहुतेक मेंदू दिले होते, म्हणून सगळ्यांनाच होतो असं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखं तर नाहीच. आणि फक्त मोठा कन्कशनच (डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा) नाही, वर्षानुवर्षं बसणारे छोटे फटकेही साचतात. म्हणून कोचला स्पष्ट विचारा, आठवड्यात फुल कॉन्टॅक्ट प्रॅक्टिस किती मिनिटं, टॅकलिंग डोकं वर ठेवून शिकवता का. २०१७ मध्येच एनएफएलच्या स्टीलर्स टीमचा रायन शेझिअर डोकं खाली घालून टॅकल करायला गेला आणि मणक्याला मार लागला, परत चालायला शिकावं लागलं त्याला, तो व्हिडिओ मुलाबरोबर बसून बघा. कन्कशनची शंका आली की त्या दिवशी मैदानावर परत नाही, आणि नंतरही डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय नाही. ‘थोडं गरगरतंय पण खेळतो’ हे घरात चालवून घ्यायचं नाही.

पैशाबद्दल विचारलंत. २०२५ मध्ये नव्या खेळाडूचा किमान पगार वर्षाला ८,४०,००० डॉलर, ऐकायला झकास, पण टीममध्ये राहिला तर! ऑगस्टअखेर कट झाला तर तो आकडा कागदावरच. सरासरी करिअर तीनेक वर्षांचं, पेन्शनला पात्र व्हायलाच तीन सीझन लागतात.

त्यामुळे खरा फायदा कॉलेजात. डिव्हिजन वनला (कॉलेज खेळांचा सर्वात वरचा स्तर) खेळायचं तर १६ कोअर म्हणजे मुख्य विषय आणि किमान २.३ जीपीए (मार्कांची सरासरी) लागतो, म्हणजे अभ्यास सोडून फुटबॉल हा रस्ताच नाहीये, हे मुलाला माझ्या नावाने सांगा. आणि बाबांना सांगा की एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, सगळ्यांच्या फुटबॉल टीम आहेत, डिव्हिजन थ्रीच्या. खेळाची स्कॉलरशिप तिथे मिळत नाही, पण मार्क चांगले असतील आणि कोचला मुलगा हवा असेल तर अॅडमिशनला वजन पडू शकतं. हे ऐकून ते जरा सरळ बसतील बहुतेक.

मायरन रोल हे नावही कानावर घाला. फ्लोरिडा स्टेटचा सेफ्टी, ऱ्होड्स स्कॉलरशिप घेऊन एक वर्ष ऑक्सफर्डला गेला, २०१० मध्ये टायटन्सने सहाव्या राउंडला घेतला, लीगची एकही रेग्युलर मॅच खेळायला मिळाली नाही. मग मेडिकलला गेला आणि न्यूरोसर्जन झाला. घरातल्या दोन्ही पार्ट्यांना चालेल असा माणूस.

आत्ता एवढंच करा, एनसीएएच्या (कॉलेज खेळांची संघटना) एलिजिबिलिटी सेंटरवर त्याचं अकाउंट काढा, शाळेच्या काउन्सेलरकडून कोअर विषयांची यादी ताडून घ्या, आणि कोचकडून या सीझनची फिल्म म्हणजे मॅचेसचे व्हिडिओ मागा. ज्युनियर इयरच्या (अकरावीच्या) सीझननंतर कॉलेजचे कोच स्वतःहून विचारतात का ते बघू, कोणत्या डिव्हिजनचे विचारतात त्यावरून बरंच कळतं. तोपर्यंत ट्रान्सक्रिप्ट (शाळेची मार्कांची नोंद) आणि त्याचा फोर्टी यार्ड म्हणजे चाळीस यार्ड धावण्याचा टाइम मला पाठवा, स्टॉपवॉचवर बाबांनीच घेतलेला असला तर उत्तम.