दगा सावकाश लिही
तुझी कथा वाचली. मळेवाल्याचा मुलगा आणि सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा मुलगा, ही जोडी पक्की आहे. पण दगा तू दोन ओळींत उरकलास आणि पश्चात्तापाला चार पानं दिलीस. उलट कर. विहिरीवरची केबल कोणी विकली हे माहीत असून मळेवाल्याचा पोरगा गप्प बसतो, तिथे थांब. ओसरीवर बाप विचारतोय, मित्र याच्याकडे बघतोय आणि हा शर्टावरचा केळीच्या चिकाचा डाग नखाने खरवडतोय. "मला अपराधी वाटलं" हे वाक्य नकोच. अपराधी पोर आधी मित्राला टाळतं, मग त्याच्यावरच चिडतं, ते दाखव.

आपल्याकडे खानदेशात सालदारकी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरते. त्या अखाजीला सालदाराला पुन्हा ठेवलं नाही, एवढं आलं की किंमत कोणी मोजली ते कळतं.

आणि शेवटची गळाभेट काढ, खरंच. पैसे देऊन सुटका होत नाही. त्याला बापासमोर, गावासमोर खरं बोलू दे. माफ करायचं की नाही, ते मित्राचं. लहानपणी दोघं अहिराणीत बोलायचे ना? आता मित्र त्याला पुस्तकी मराठीत "या, बसा" म्हणू दे. एवढं बदलून पुन्हा पाठव, मी वाचतो.